मोदकाचं हाफ-सेक्शन : वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरचे कागद

तलावपाळी | ५ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कुठल्या विभागात बसतो ते कळलं नाही म्हणून कलादालनात टाकते. संपादकांनी हवं तर हलवावा.

आमचा मामा दोन वर्षांपूर्वी गेला. राजापूरकडून सतराव्या वर्षी ठाण्यात आला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला आणि बघून बघून टर्नर झाला, म्हणजे लेथवरचा कारागीर. आयटीआय नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा तर त्याने लांबूनही पाहिल्या नव्हत्या. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तो चाळिशीत होता. देणी आजतागायत मिळालेली नाहीत. पुढची सगळी वर्षं घोडबंदर रोडच्या वेगवेगळ्या सोसायट्यांत रात्रपाळीचा वॉचमन. मामा-मामींना मूल नाही.

'मामा ड्रॉइंग काढतो' एवढं आम्हा भाचरांना माहीत होतं. दिवाळीला गेलो की खाटेखालचा एखादा कागद दिसायचा, आम्ही 'वा वा' करून चकलीकडे वळायचो.

आता चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आहे. गणपतीआधी खोली रिकामी करून द्यायची. मामी तीन वर्षांसाठी (म्हणजे पाच धरा) कळव्याला भाड्याच्या घरात. गेल्या रविवारी पोटमाळा उतरवला तर दोन ट्रंका आणि एक रेक्झिनची बॅग निघाली. मोजले. ६१२ कागद. कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, लाइट बिलं, एका लग्नपत्रिकेचा आतला कागद.

आणि प्रत्येकावर मशीन ड्रॉइंग. समोरून, वरून, बाजूने. मध्यरेषा, मापांचे बाण, 'अधिक-उणे' सगळं. फक्त सुटा भाग मशीनचा नाही. उकडीच्या मोदकाचं अर्धं कापलेलं सेक्शन आहे. छत्री बंद आणि उघडी, काड्यांचे कोन अंशांत. स्टेशनवरचा चहाचा ग्लास. माझ्या वडिलांची चप्पल, झिजलेल्या टाचेचा उभा छेद. मामीचा डावा हात, बोटांच्या पेरांचे डाया (व्यास). मासुंदा तलावाचा प्लॅन: तलावपाळीला पावलं मोजत फेरी मारायचा, रोज आकडा वेगळा यायचा, म्हणून कोपऱ्यात अकरा दिवसांचे आकडे, त्यांची सरासरी आणि पुढे अधिक-उणे. माणसाचं तोंड मात्र ६१२ पैकी एकाही कागदावर नाही.

प्रत्येक कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट: नाव, तारीख, स्केल, 'काढले', 'तपासले'. तपासलेच्या रकान्यात एक गिचमीड अक्षर. बहुधा स्वतःच काढून स्वतःच तपासत असावा.

मावसभावाचं म्हणणं, दोनचार आठवण म्हणून ठेव, बाकी रद्दीत. माझ्या वन बीएचकेत जागा नाही हे खरं. पण टाकवत नाही. हे नक्की काय आहे, आणि मी याचं काय करू?

फुकटचा_सल्ला | ५ जुलै, रात्री ११:४१

रुमाल टाकून ठेवतो. फोटो टाका हो ताई, मोदकाचा आधी.

कागदकिडा | ६ जुलै, सकाळी ७:०५

जुन्या कागदांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून आधी तातडीचं सांगते. कलाबिला नंतर बघू, बाहेर जुलै चालू आहे.

लॅमिनेशन करू नका. परत एकदा लिहिते, लॅमिनेशन करू नका. दर पावसाळ्यात कुणीतरी आजोबांची पत्रं लॅमिनेट करून आणतं आणि मग मला रडू येतं. सेलोटेप नाही, स्टेपल नाही, आधीच्या टाचण्या असतील तर गंज बघून हळू काढा. ट्रंक उन्हात ठेवायचा मोह होईल, तोही नको. कागद पंख्याखाली, सावलीत, सुटे पसरा. बुरशी दिसली तर मास्क लावून गॅलरीत जाऊन मऊ ब्रशने कोरडीच झटका, ओलं फडकं लावू नका.

कागद ज्या क्रमाने ट्रंकेत होते तो क्रम मोडला नसेल तर देव पावला. मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलने नंबर घाला, बॉलपेनने नाही. मग दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, प्रत्येकाचा फोटो. दोन कागदांच्या मध्ये बटर पेपर चालेल, तो नसेल तर धुतलेली, खळ नसलेली सुती धोतरं. आडवे ठेवा, गुंडाळी नको, जमिनीपासून वर. बॉलपेनची शाई उजेडाने उडते, तेव्हा कौतुकाने फ्रेम करून खिडकीसमोर लावू नका.

एवढं झालं की मग भांडा, कला आहे की नाही यावर.

मिरचीचा_ठेचा | ६ जुलै, सकाळी ९:३०

भांडणाचं आमंत्रण स्वीकारतो. मामांबद्दल आदर आहेच. पण प्रत्येकाच्या घरात असा एक मामा असतो. आमच्या काकांनी आगपेटीच्या काड्यांचा ताजमहाल केला होता. छंद म्हणा, छान आहे म्हणा, विषय संपला. फॉरेनमध्ये असल्या गोष्टींना नाव दिलं म्हणून इथल्या वॉचमनला कलावंत ठरवायची घाई कशाला?

गेरू | ६ जुलै, दुपारी १:१५

ठेचाभाऊ, नाव दिलं हे खरं, पण का दिलं ते बघा. १९४५ मध्ये जाँ द्युब्युफे या फ्रेंच चित्रकाराने 'आर ब्रूत' हा शब्द काढला, म्हणजे कच्ची, न पाखडलेली कला. गडी स्वतः आधी वाइनचा व्यापारी होता. वेड्यांच्या इस्पितळांतले रुग्ण, कैदी, एकांडे कारागीर अशांची कामं त्याने जमवली. तो संग्रह १९७६ पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझानला संग्रहालयात आहे. 'आउटसायडर आर्ट' हे इंग्रजी नाव 'आर ब्रूत'च्या नंतरचं, १९७२ मध्ये रॉजर कार्डिनलने रूढ केलेलं.

ताई, तुमचा मामा वाचून मला पहिला आठवला तो फर्दिनां शव्हाल. फ्रान्सच्या खेड्यातला पोस्टमन, रोजची वीस मैलांच्या आसपास पायपीट. १८७९ मध्ये वाटेत एका दगडाला ठेचकाळला. दगड आवडला म्हणून खिशात टाकला, दुसऱ्या दिवशी आणखी आणले. मग टोपली, मग हातगाडी. तेहेतीस वर्षांत एकट्याने घराच्या बागेत महाल बांधला, सव्वीस मीटर लांब. महालातच पुरा म्हणाला, परवानगी मिळाली नाही, तर त्यानंतर आठ वर्षं खपून गावच्या दफनभूमीत स्वतःचं थडगं बांधलं. १९६९ मध्ये फ्रेंच सरकारने तो महाल राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवला. गावाने आधी काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

दुसरा बिल ट्रेलर. १८५३ च्या सुमारास अमेरिकेत अलाबामात गुलामगिरीत जन्म, आयुष्य शेतावर, आणि १९३९ मध्ये ऐंशी ओलांडल्यावर मॉन्टगोमेरीच्या फुटपाथवर बसून चित्रं काढायला लागला. तीनेक वर्षांत हजाराच्या वर. चार्ल्स शॅनन नावाचा तरुण चित्रकार त्याला चांगले पुठ्ठे आणून द्यायचा, पण म्हाताऱ्याला डाग पडलेले, कोपरे मोडलेले टाकाऊ पुठ्ठेच पसंत. डागाला धरून तो चित्र रचायचा. ताई, मिठाईच्या खोक्यांवरची ड्रॉइंगं नीट बघा. तुपाचा डाग वाचवलाय की वापरलाय?

काड्यांचा ताजमहाल आणि हे यात फरक मला इतकाच दिसतो, की ताजमहाल आधीच होता.

मिरचीचा_ठेचा | ६ जुलै, दुपारी २:००

शेवटचं वाक्य मान्य. काकांना कळवतो.

तलावपाळी | ६ जुलै, रात्री १०:५०

सात फोटो टाकलेत. कागदकिडाताई, क्रम ट्रंकेतला होता, बॅगेतला माझ्या भावाने विस्कटला. गेरू, तुपाचा डाग! छत्रीच्या कागदावर एक गोल डाग आहे आणि मामाने त्याच्याभोवती मध्यरेषा काढून डाया लिहिलाय. मला वाटलं होतं छत्रीचाच भाग असेल.

टी_स्क्वेअर | ७ जुलै, सकाळी ६:१५

मी निवृत्त ड्राफ्ट्समन, उभा जन्म बेलापूर रोडच्या कारखान्यांत गेला. फोटो मोठे करून तासभर बघत होतो, सौ. हाक मारून थकल्या.

१) मोदकाचा वरून दिसणारा प्लॅन समोरच्या दृश्याच्या वर काढला आहे. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात प्लॅन खाली येतो. वर येतो तो थर्ड अँगल, अमेरिकन पद्धत. म्हणजे त्या कारखान्यात अमेरिकन ड्रॉइंगवर काम चालत असणार आणि मामा तीच ड्रॉइंगं वाचून शिकले. पुस्तकातून शिकलेला माणूस इथे फर्स्ट अँगलच काढतो.

२) हाफ-सेक्शन कशाचं घेतात? जी वस्तू दोन्हीकडे सारखी आहे तिचं. अर्धी बाजू बाहेरून, अर्धी कापून. मोदकाला हे चपखल बसतं, पण मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. पारीचं हॅचिंग (कापलेल्या भागावरच्या तिरप्या रेघा) पंचेचाळीस अंशांत एका दिशेला आणि सारणाचं उलट दिशेला. शेजारशेजारचे दोन वेगळे भाग असले की दिशा बदलायची हा नियम, तो त्यांनी पाळलाय. खोबऱ्याच्या सारणाला!

३) तलावाचा निळा बघितला का? निळ्याच्या कडेला पिवळट तेलकट घेर आला आहे. तो चित्रकलेचा रंग नव्हे. फिटर लोक दोन भाग एकमेकांवर नीट टेकतात का हे बघायला एका पृष्ठभागाला तेलातला निळा पुसतात. जिथे टेकतं तिथे दुसऱ्यावर उमटतो. प्रशियन ब्लू असतो तो. डबी कारखान्यातून आली असणार. कशी आली ते आपण विचारायचं नाही.

४) एक शंका. पारीची जाडी १.५, अधिक-उणे ०.२ मिलिमीटर लिहिली आहे. हे मोजलेलं की मनातलं?

उकडीची_आई | ७ जुलै, सकाळी ८:४०

दीड मिलिमीटर पारी?? आणि न फाटता उकडलेली? त्या माऊलीच्या हाताला माझा नमस्कार. माझी चार होते आणि तरी सारण बाहेर येतं.

फुकटचा_सल्ला | ७ जुलै, सकाळी ८:५५

आंबेमोहोराची पिठी आणि उकडीत चमचाभर तूप, मग बघा.

संपादक | ७ जुलै, सकाळी ९:३०

मोदकासाठी पाककृती विभागात स्वतंत्र धागा आहे. मूळ विषयाकडे वळावे.

हायवेचा_कठडा | ७ जुलै, दुपारी ४:२०

नेकचंद कुणाला आठवले नाहीत अजून? फाळणीत घर सुटलेला माणूस, चंदीगडच्या बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. ल कॉर्बूझिए या वास्तुकाराने आखलेलं शहर उभं राहात होतं, त्यासाठी जुनी गावं पाडली गेली. त्या राडारोड्यातून फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेचं सामान गोळा करून हा गडी सायकलवरून सुखना तलावाजवळच्या रानात नेऊन ठेवायचा. तिथे बांधकामाला बंदी. दिवसा नोकरी, रात्री जुन्या टायरांच्या उजेडात पुतळे. अठरा वर्षं कुणाला पत्ता नाही. १९७५ च्या सुमारास अधिकाऱ्यांना सापडलं तेव्हा कायद्याने पाडायलाच हवं होतं. त्याऐवजी १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं, त्यालाच पगार आणि मजूर देऊन कामावर ठेवलं. १९८४ मध्ये पद्मश्री. १९९० मध्ये बुलडोझर आला तेव्हा चंदीगडकर आडवे उभे राहिले. २०१५ मध्ये नेकचंद गेले.

सरकारी नोकर, सरकारी जागेत, बेकायदा, अठरा वर्षं. आमच्या शहरात रातोरात बेकायदा मजले चढतात, पण पुतळा एक नाही.

चिकूवाडी | ७ जुलै, रात्री ९:१०

सगळं ठीक, पण 'बाहेरचा' हा शब्द घशात अडकतो. कुणाच्या बाहेरचा?

आमच्याकडचं उदाहरण देतो. जिव्या सोमा मशे. डहाणूजवळच्या गंजाडचे, तेव्हा आमचा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांचं बोलणंच बंद झालं, हवं ते मातीत रेघा ओढून सांगायचे. वारल्यांत लग्नघरी भिंतीवर चौक 'लिहायचा' मान सवाष्णींचा, पुरुषांचं ते काम नव्हे. हा बाबा लग्न नसताना, रोज, मनाला येईल तेव्हा लिहायला लागला. तांदळाची पिठी, डिंक, बांबूची काडी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी सरकारी कामाने आमच्या भागात आले, त्यांनी कागद दिला. पुढे पॅरिस, जपान, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये गेले.

त्यांना कुणी आउटसायडर म्हणालं तर मी भांडेन. ते पाड्याच्या अगदी आतले होते. मुंबईच्या गॅलरीच्या बाहेरचे असतील, पण मुंबईची गॅलरी पाड्याच्या बाहेर आहे हे कुणी म्हणत नाही.

गेरू | ७ जुलै, रात्री १०:००

मान्य. मशे परंपरेत होते, म्हणून मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. पण तुमचा मुद्दा मामांनाही लागू आहे. टी_स्क्वेअरकाका वर काय सांगतायत? मामांच्या रेघेमागे अख्खा कारखाना आहे. त्यांनी चित्रकला शिकली नव्हती, पण ड्रॉइंग शिकले होते, आणि तेही कडक शिस्तीचं. स्वयंशिक्षित म्हणा, पण अशिक्षित हात नव्हे.

कोपरीचा_पूल | ७ जुलै, रात्री ११:३०

ताईंनी लिहिलं नाही, पण चाळीत लोक मामांना काय म्हणत असतील ते मी सांगू शकतो. इतर गावांत वेड्याला 'ठाण्याला पाठवा' म्हणतात. आपल्या गावातल्याला काय म्हणायचं? 'रिक्षाने जाईल.' १९०१ पासून मनोरुग्णालय गावात आहे, त्यामुळे विनोदही घरचेच.

यावरून एक. जर्मनीत हायडलबर्गला हान्स प्रिन्झहॉर्न नावाच्या डॉक्टरने मनोरुग्णांची हजारो चित्रं जमवली आणि १९२२ मध्ये त्यांवर अभ्यास छापला. पॅरिसचे भलेभले चित्रकार त्याने हलले. आणि पंधरा-सोळा वर्षांनी नाझींनी त्याच संग्रहातली चित्रं आधुनिक चित्रांशेजारी टांगली, बघा, दोघेही सारखेच वेडे, असं दाखवायला. कागद तेच. तेव्हा लेबल कोण लावतोय ते बघावं.

तलावपाळी | ८ जुलै, सकाळी ७:४५

'येडा फोरमन' म्हणायचे. फोरमन तो कधीच नव्हता.

दर्दी_रसिक | ८ जुलै, सकाळी ११:००

ताई, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ चित्रांचा व्यवहार करतात. अशा गोष्टींना सध्या मागणी आहे. सगळे नकोत, निवडक चाळीसेक उचलतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

कागदकिडा | ८ जुलै, सकाळी ११:०४

ताई, थांबा. चाळीस चांगले गेले की उरलेले ५७२ खरोखरच रद्दी होतात.

काळा_कोट | ८ जुलै, दुपारी १२:३०

मी दिवाणी वकील. व्यनिला उत्तर देण्याआधी हे वाचा.

कागद एक मालमत्ता आणि कॉपीराइट दुसरी. कागद विकला म्हणजे छापायचा हक्क विकला असं होत नाही, तो द्यायचा तर वेगळा लेखी करार लागतो. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. तेव्हा 'फोटो काढून प्रिंट विकतो, तुम्हाला काय फरक पडतो' असं कुणी म्हणालं तर पडतो.

हे आधी न पाहिल्याने काय होतं याचं उदाहरण शिकागोत आहे. हेन्री डार्गर, इस्पितळात झाडलोट करणारा एकटा माणूस, १९७३ मध्ये गेला. खोलीत १५,१४५ पानांची टाइप केलेली कथा आणि शेकडो मोठी चित्रं. घरमालक नेथन लर्नर स्वतः फोटोग्राफर, म्हणून ती कचऱ्यात गेली नाहीत. चित्रं जगभर गेली, लाखो डॉलरला विकली गेली. आणि २०२२ मध्ये दूरचे नातेवाईक कोर्टात उभे राहिले, की घरमालकाचा यावर हक्कच काय?

आता कडू बोलतो. धाग्यात तुम्ही विचारताय 'मी काय करू'. तुम्ही भाची. मृत्युपत्र नसेल, मूल नाही, आणि मामांच्या आई हयात नसतील, तर हिंदू वारसा कायद्याने हे सगळं मामींचं. चार दिवस झाले, इथे फ्रान्स झालं, चंदीगड झालं, शिकागो मीच केलं. मामी काय म्हणतात ते एकानेही विचारलं नाही. तुम्ही तरी विचारलंत का?

तलावपाळी | ८ जुलै, दुपारी १:१०

नाही. खरंच नाही विचारलं. तिला त्रास नको म्हणून. आज संध्याकाळी जाते.

तलावपाळी | ९ जुलै, रात्री १२:४०

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

मामीला टॅबवर फोटो दाखवले. मोदकाचा बघून म्हणाली, "ह्याच्या कळ्या आधी सतराच काढलंनीत. मी म्हटलं एकवीस हव्यात. मग पुन्हा काढलंन." मी तिला कोपऱ्यातली चौकट मोठी करून दाखवली, 'तपासले' मधलं गिचमीड अक्षर काय म्हणून. तर माझ्याकडे बघतच राहिली. "माझी सही ती. तुम्हाला काय वाटलं?"

तपासायची मामी. मामा सकाळी ड्यूटीवरून यायचा, कागद खाटेवर ठेवून झोपायचा. मामी स्वयंपाक आटपून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) घेऊन बसायची. चौथी शिकलेली बाई, मामाने तिला व्हर्नियर वाचायला शिकवला होता, शून्याच्या पुढचा कुठला काप जुळतोय ते. वस्तू घ्यायची, कागदावरचं प्रत्येक माप लावून बघायची. बरोबर असलं तर सही. चूक असलं तर कागदावर चूक बरोबर करायचं नाही, कागद परत. काका, पारीची जाडी मनातली नाही. गार झालेला मोदक तिने सुरीने कापला होता आणि मामाने तीन ठिकाणी मोजला होता. "दोन ठिकाणी दीड भरली, एका ठिकाणी जरा जास्त. म्हणून ते अधिक-उणे घातलंन."

मी मागे बसून ६१२ परत चाळले. सही ५८१ कागदांवर आहे. उरलेल्या एकतीसवर रकाना कोरा. विचारलं. म्हणाली, "कंपनी बंद पडली त्या साली मी माहेरी गेले होते. रागावून. तू तेव्हा लहान होतीस." पुढे काही बोलली नाही. मीही नाही विचारलं. पण तारखा जुळतात, आणि त्या एकतीस कागदांत घरातली वस्तू एकही नाही. सगळे कारखान्याचे आहेत. गेटचं कुलूप, कोयंड्यासकट. हजेरीच्या कार्डाचं यंत्र. रिकामा लेथ, चकमध्ये (पकडीत) जॉब नसलेला.

तोंड का नाही काढलं कधी, तेही विचारलं. "तोंड मोजता येतं होय?" एवढंच.

टी_स्क्वेअर | ९ जुलै, सकाळी ६:०५

आमच्या ऑफिसात 'तपासले' ची सही साहेब न बघताच करायचे.

ते एकतीस कागद वेगळे बांधू नका, तारखेच्या जागीच राहू द्या. रिकाम्या लेथचा फोटो मिळाला तर बघायचा आहे.

मिरचीचा_ठेचा | ९ जुलै, सकाळी ९:१५

छंद हा शब्द मागे घेतो.

काळा_कोट | ९ जुलै, सकाळी १०:००

मग प्रकरण आणखी गुंतलं. एकाने काढलं, दुसरीने मोजलं. कायद्याने चित्रकार काढणाराच, पण कुठेही नाव देताना दोघांचं द्या. हा कायद्याचा सल्ला नाही.

तलावपाळी | १९ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, माफ करा. घर हलवून झालं. पुनर्भेटीत अपडेट द्या असं बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

कागद सगळे एकत्र आहेत. मामीने विकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि रद्दीचं म्हणणाऱ्या भावाला चहा न देता पाठवलं. कागदकिडाताई दोन शनिवार स्वतः येऊन गेल्या, पेन्सिल नंबर झाले, फोटो ६०९ चे झाले. तीन कागद फारच चिकटलेत, ते त्यांनी नेलेत. आडवे ठेवायला प्लायवूडच्या दोन पेट्या केल्या, त्या सध्या मामीच्या पलंगाखाली. टी_स्क्वेअरकाका सहकुटुंब येऊन गेले. ते आणि मामी दोन तास व्हर्नियरवर बोलत होते, काकू आणि मी नुसत्या बसलेल्या.

एक ६१३ वा निघाला. जुन्या खोलीत मसाल्याच्या फळीवर अंथरलेला कागद. मी तो उचलून पेटीत ठेवायला गेले तर मामीने हातातून घेतला. फळीच्या मापाचा, प्रत्येक डब्यासाठी एकेक वर्तुळ, आत नाव आणि डाया: हळद, जिरं, धणे, गोडा मसाला. हळदीच्या वर्तुळात हळद मुरलेली. तोही तपासलेला, सहीचा. कागदकिडाताई म्हणाल्या हा पहिला वाचवायला हवा, तेल लागतंय, मसाला सांडतोय. मामी म्हणाली तो पेटीत ठेवायला काढलेला नाही, फळीवर ठेवायला काढलाय.

कळव्याच्या घरातली फळी चाळीस मिलिमीटरने कमी भरली. मी म्हटलं कडेने जरा दुमडू. मामीने सुताराला बोलावलं आणि फळी वाढवून घेतली.